चनबसप्पाच्या गाडीची चार नॉझल

१० फेब्रुवारी १९७४, रविवार

तुळजापूर नाक्यावरच्या टॅक्सीवाल्या भावांनो! दिवाळीपासून पेट्रोलने आपली मान धरली आहे. भाव वाढवताना तुम्हाला-मला कोणी विचारलं नाही. आपण भाड्याचं नाव काढलं की मात्र उतारू आपल्याला लुटारू म्हणतात आणि एस.टी.च्या रांगेत जाऊन उभे राहतात. टाकीत तेल ओतणारा आपल्याला लुटतो आणि चोर आपण ठरतो, हे किती दिवस चालायचं?

आजच्या सभेची सुरुवात मी अशी केली. लिंबाखाली बसलेले बावीसच्या बावीस जण ताठ झाले. गिरणीच्या फाटकावर बोलायचो तेव्हा जी धग अंगात यायची ती आज पुष्कळ दिवसांनी आली. गिरणीने मला काढलं त्याला सहा वर्षं झाली. या नाक्यावर टॅक्सी चालवतो आणि युनियनचा सेक्रेटरी आहे. पण घसा तोच आहे.

ठराव झाला : पाच गाड्यांमधून पेट्रोलचं इंजिन उतरवायचं आणि जुनं पण दणकट डिझेल इंजिन बसवायचं. तुळजापूरचा घाट भरल्या गाडीनिशी चढायचा म्हणून सिलिंडर एक साइज मोठे करून घेतले आहेत, पिस्टन नवे. प्रश्न उरला आहे नॉझलचा. नॉझल म्हणजे पंपाने ढकललेलं डिझेल सिलिंडरमध्ये फवारणारी, बोटाएवढी पोलादी वस्तू. टोकाला चार भोकं, डोळ्यांना दिसतील न दिसतील अशी. एका गाडीला चार नॉझल. ती कोणती घ्यायची यावर नाक्यावर दोन तट पडले आहेत.

आधी एका गाडीवर प्रयोग करायचा. चनबसप्पाची गाडी सर्वांत आधी तयार झाली आहे, म्हणून ती. तो अक्कलकोटकडचा, घरी कानडी बोलणारा, छपन्न वर्षांचा, मोजकंच बोलणारा. एका डोळ्याला कमी दिसू लागल्यापासून ट्रकवर त्याला कोणी घेत नाही. ‘ही गाडी बसली तर मी बी बसलो, सेक्रेटरी,’ असं तो हसत म्हणाला. मी सर्वांसमोर सांगितलं, ‘चनबसप्पा, तुझ्या इंजिनाची जबाबदारी माझी.’ टाळ्या पडल्या.

माझी स्वतःची गाडी मी सर्वांत शेवटी बदलणार. सेक्रेटरीने पंगतीला शेवटी बसावं.

१३ फेब्रुवारी, बुधवार

चांदसाबच्या पंपरूमवर गेलो. विजापूर वेशीजवळ दहा फुटांची खोली, पण आत दवाखान्याची स्वच्छता. चप्पल बाहेर काढावी लागते. डिझेल पंप आणि नॉझल याखेरीज हा माणूस कशाला हात लावत नाही. पंपाचं माप एकदा जुळवलं की त्याच्या स्क्रूला तार ओवून शिशाचं सील दाबतो. सील तोडलं तर पुन्हा त्या गाडीचं नाव घेत नाही.

त्याने दोन नॉझल दाखवली. एक या इंजिनाचं मूळ मापाचं, बारीक भोकांचं. दुसरं बडेसाबने टेंभुर्णीहून आणलेलं, ट्रकच्या इंजिनाचं, मोठ्या भोकांचं. बडेसाब आमच्याच नाक्यावर टॅक्सी चालवतो. पूर्वी हायवेला ट्रकवर होता आणि त्याचं मोठ्या नॉझलवर प्रेम आहे.

चांदसाबने बारीक नॉझल यंत्रावर चढवून दांडा दाबला. चर्र आवाज झाला आणि टोकातून धुकं निघालं. खरंच धुकं, माघातल्या सकाळचं असतं तसं. मी नकळत तळवा पुढे केला. त्याने मनगटावर फटका मारला.

‘हात काढा! कातडी फोडून रक्तात जातंय ते. दिसायला वाफ हाय, चावायला नाग.’

मग त्याने जुन्या वर्तमानपत्रावर दोन्ही नॉझल उडवून दाखवली. बारक्याचे चार डाग फिकट, पसरट, पिठासारखे. मोठ्याचे चार डाग ओले, ठसठशीत, कागद भिजवणारे. मला मोठ्याचे जास्त जोमदार वाटले. तसं म्हणालो.

‘तेच तर वाईट हाय अण्णा. थेंब जाड पडला की हवेत जळत न्हाय. पिस्टनच्या डोक्यावर बसून जळतंय.’

‘पण सिलिंडर आपण मोठा केलाय ना? मग त्याला जास्त इंधन नको?’

‘एक साइज केलाय. भूक चतकोरानं वाढलीया. तुमी परातभर वाढाय निघालाय.’

त्या परातीचा राग आला. परत येताना वाचनालयात गेलो. इंजिनावरचं एक जाड इंग्रजी पुस्तक मिळालं. त्यातलं वाक्य उतरवून घेतलं : सिलिंडरची क्षमता वाढली की इंधनाचं प्रमाण वाढवावं लागतं. किती वाढवायचं याचं कोष्टक पुढच्या प्रकरणात होतं, पण वाचनालय बंद व्हायची वेळ झाली. मुख्य तत्त्व हाती लागलं, एवढं पुरे.

१७ फेब्रुवारी, रविवार

मतदान झालं. मोठी नॉझल एकोणीस, बारकी दोन.

आधी बडेसाब बोलला. ‘मी अकरा वर्षं ट्रक चालवला. जी गाडी काळा धूर फेकती तीच चढ चढती. धूर न्हाय तर जोर न्हाय. चुलीला इचारा की!’ हशा पिकला.

चांदसाबला मुद्दाम बोलावलं होतं. तो उभं राहून एवढंच म्हणाला, ‘डॉक्टरची चिठ्ठी हात वर करून लिवत्यात व्हय?’

तिथे मी उठलो. मी म्हणालो, भावांनो, हे वाक्य मी जन्मभर ऐकत आलो आहे. गिरणीत मॅनेजर हेच म्हणायचा : तुम्हाला काय कळतं, यंत्र आमचं, अक्कल आमची. ज्ञान चार भिंतींत कोंडून दारावर चप्पल काढायला लावणाऱ्यांनीच गरिबाला मुका केला आहे. इंजिनाचा आवाज ज्याच्या पायाखाली दिवसभर असतो त्याला इंजिन कळत नाही, तर कोणाला कळतं? मग ते इंग्रजी वाक्य वाचून दाखवलं, अर्थ सांगितला. पुस्तक आणि हात दोन्ही एकाच बाजूला आले म्हटल्यावर दुसरं काय होणार?

चांदसाब पायजमा झटकून उठला. जाता जाता म्हणाला, ‘आवाज लई भारी हाय अण्णा. पण सिलिंडरला कान नसत्यात.’

हे वाक्य घरी येईपर्यंत कानात राहिलं. शेरा म्हणून चांगला आहे, पण तो युक्तिवाद नव्हे.

चनबसप्पाने मत दिलं नाही. तो आपल्या गाडीत बसून होता, दोन्ही हात स्टिअरिंगवर. स्वतःच्या गाडीबद्दल स्वतः मत देऊ नये, ही त्याची सभ्यता मला आवडली. सभा संपल्यावर त्याने एकच विचारलं, ‘चांदसाब राग होऊन गेलं काय?’ मी म्हणालो, जाऊ दे, येईल वळणावर.

१९ फेब्रुवारी, मंगळवार

मोठी नॉझल बसवली. चांदसाबने हात लावायला नकार दिला. बडेसाबने स्वतः बसवली आणि डिझेल जास्त सुटावं म्हणून पंपाचं सील तोडून स्क्रू दोन आटे उघडला.

सात माणसं घालून घाट चढलो. चनबसप्पा चालवत होता, मी शेजारी. काय जोर! पेट्रोलवर ज्या वळणाला पहिला गिअर टाकून देवीचं नाव घ्यावं लागायचं, ते वळण दुसऱ्यात गेलं. मागे काळा धूर असा की पाठीमागच्या ट्रकवाल्याने शिवी हासडली. बडेसाब मागच्या सीटवरून ओरडला, ‘बघितलं का? ताकद कुटं लपत न्हाय!’

मीही ओरडलो. पण वर पोचल्यावर चनबसप्पाने बॉनेटवर पालथा हात ठेवला, ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा, आणि बराच वेळ उचलला नाही. ‘काय रे?’ म्हटलं. ‘काय न्हाय,’ म्हणाला.

आज झोप धड लागणार नाही. जबाबदारी माझी म्हणून बसलो आहे.

२१ फेब्रुवारी, गुरुवार

संध्याकाळी नाक्यावर उभं राहून गाड्या मोजण्याची खोड लागली आहे. सहाला एकवीस आल्या. चनबसप्पाची नाही. साडेसहा, पावणेसात. तुळजापूरच्या रस्त्यावरच्या तामलवाडीकडून येणाऱ्या प्रत्येक दिव्याकडे पाहत होतो.  डोळ्यांपुढे तो घाटात, दगडावर बसलेला, इंजिनातून वाफ.

सातला आला. तुळजापूरकडून नव्हे, विजापूर वेशीकडून! उतारू नव्हते. ‘चांदसाबकडं थोडं काम होतं,’ म्हणाला. मला हायसं वाटलं. त्या दोघांचा अबोला मिटला हे बरंच झालं. तो पुढे म्हणाला, ‘सेक्रेटरी, एक सांगायचं हाय तुमास्नी. ते नॉझल...’ पण एस.टी.च्या डेपोवरून दोघे जण भाववाढीविरुद्धच्या मोर्च्याचं विचारायला आले होते. मी म्हटलं, ‘चनबसप्पा, जे असेल ते रविवारी सभेत बोल. सर्वांना कळू दे.’

गाडी धडधाकट परत आली. आज जेवण गेलं.

२४ फेब्रुवारी, रविवार

सभेत चनबसप्पाला बोलायला उभं केलं. तो उभा राहिला, लिंबाकडे पाहिलं, म्हणाला, ‘गाडी चांगलं चालतंय,’ आणि बसला. ‘चालतंय’ ऐकून पोरं हसली. बोलण्याची सवय नाही बिचाऱ्याला.

गाडीचा धूर चांगलाच कमी झाला आहे. चढावर थोडी सावकाश जाते, पण जाते. बडेसाबच्या मते इंजिन बसतं तसा धूर कमी होतो. मीही तेच सांगितलं.

३ मार्च, रविवार

प्रयोग यशस्वी! बारा दिवस, रोज दोन फेऱ्या, एक खळ नाही. मी आज तासभर बोललो. चनबसप्पाच्या गाडीकडे बोट करून म्हणालो, हा आमचा पुरावा. चार भिंतींतल्या अकलेला बावीस जणांच्या हातांनी दिलेलं हे उत्तर आहे.

बडेसाब, आप्पा, कोंडीबा आणि सिदू या उरलेल्या चौघांनी मोठी नॉझल घ्यायचं ठरवलं. सिदू आमच्यात तरणा. नातेपुत्याच्या जमिनीतला आपला वाटा भावाला पैशांवर सोडून त्याने इंजिन घेतलं आहे. तो थोडा कचरत होता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, ‘सिदू, डोळ्यांसमोर पुरावा उभा आहे, आता भितोस कशाला?’ त्याने हात वर केला.

चनबसप्पा सभेनंतर घरापर्यंत चालत आला. दारात थांबला. मी आत बोलावलं तर नको म्हणाला. ‘सेक्रेटरी, ते चौघांना जरा थांबवा की.’ मी विचारलं, का? तर मागे आप्पा आणि कोंडीबा हार घेऊन उभे. त्यांना पाहून तो आल्या पावली परत फिरला. मला वाटतं, आपण पहिले होतो, आता सगळेच होणार, याचं त्याला थोडं वाईट वाटत असावं. माणूस आहे.

८ मार्च, शुक्रवार

होळी. चौघांच्या गाड्या पाच दिवस धावत आहेत. धूर अजून कमी होत नाही. माझी मोजणी आता पाच गाड्यांसाठी चालते, आणि पाचांची काळजी एकाच्या पाचपट नसते, पन्नासपट असते.

बायको, गोजरबाई, म्हणाली, ‘अवो, त्या गाड्यांस्नी दुसरीकडनं जायला सांगा. गच्चीवर कुरडया घातल्यात, पार काजळी बसतीया. एक चनबसप्पाभावजींची गाडी गेली तर काय हुत न्हाई. बाकीच्या चार गेल्या की फडकं काळं.’

मी तिला समजावलं की चनबसप्पा जुना ड्रायव्हर, पाय हलका, गाडी शिस्तीत चालवतो.

‘पायात काय चाळणी हाय व्हय त्यांच्या? एकेकाची गाडी जाऊन बघा तरी एकदा.’

‘बघितलंय.’

‘बघितलंय कुटलं. बोललाय.’

बायकोला हजरजबाबीपणाचं बक्षीस असतं तर घर भरलं असतं. पण तिने म्हटल्यापासून मी प्रत्येक गाडीचा धूर बघतो आहे. एकाच मापाची नॉझल, एकाच मापाचे पिस्टन. मग असं का?

१७ मार्च, रविवार

कोंडीबाचं इंजिन थंडीत खडखडतं म्हणतो. थंडी कुठली मार्चमध्ये! बडेसाब म्हणाला, नॉझलला तारेने टोच, भोक मोकळं होतं. सायकलच्या ब्रेकची तार घेऊन दोघांनी चारही नॉझल टोचली. नाक्यावर ही रीतच आहे. चांदसाबने पाहिलं असतं तर तार आमच्याच कानात घातली असती.

त्याच्याकडे जावं असं तीनदा मनात आलं. वेशीपर्यंत गेलोही. मग वाटलं, हा माणूस हसेल, आणि उद्या नाक्यावर सांगेल की सेक्रेटरी विचारायला आला होता. मी परत फिरलो. युनियनचा निर्णय एका माणसाच्या दारात नेऊन ठेवता येत नाही.

२४ मार्च, रविवार

पाडवा. सगळ्या गाड्या धुऊन ओळीने उभ्या केल्या, बॉनेट उघडून इंजिनाला हळदकुंकू. मीच ताट घेऊन फिरलो. चौघांची इंजिनं आतून काजळलेली. चनबसप्पाचं लख्ख. त्याच्या पंपाच्या स्क्रूला तार आणि शिशाचं बटण दिसलं. सणासाठी किती नटवलं आहे, म्हणून मी त्यावरही कुंकू लावलं. चनबसप्पा माझ्या बोटाकडे बघत होता.  मी म्हणालो, ‘काय चनबसप्पा, देवीची कृपा!’ तो म्हणाला, ‘चांदसाबचं बी.’

सर्वांशी गोड राहतो, चांगला माणूस.

२ एप्रिल, मंगळवार

सिदूची गाडी परत आली नाही.

सहाला नाही, सातला नाही. सव्वासातला ऊसवाहू ट्रॅक्टर आला, मागे दोरखंडाने बांधलेली सिदूची गाडी. सिदू स्टिअरिंगवर, चेहरा राखेचा. घाटाच्या वरच्या वळणावर आधी ठोके पडले, मग स्फोटासारखा आवाज, पांढरा धूर, आणि इंजिनाचा जीवच गेला. गाडी मागे सरकू लागली. आत आठ उतारू, त्यांत एक बाळंतीण, मांडीवर तान्हं. हँडब्रेक धरेना. उतारूंतल्या कोण्या एकाने उडी मारून चाकाखाली दगड दिला. खाली दरीकडे दोन हात जागा राहिली होती. सिदूने दोन हात पसरून दाखवले आणि ते तसेच पसरलेले राहिले, खाली घ्यायचे त्याला सुचेना.

मी म्हटलं, ‘सिदू, काही लागलं नाही ना?’ तो म्हणाला, ‘न्हाय अण्णा. इंजिनलाच लागलंय.’

 आज बाकीच्या गाड्या मोजल्या नाहीत.

३ एप्रिल, बुधवार

गाडी चांदसाबच्या दारात ढकलत नेली. दुसरं कुठे नेणार होतो? मी चप्पल बाहेर काढली. त्याने एका शब्दाने टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं वाटलं असतं.

इंजिनाचं हेड उतरवलं. तिसऱ्या पिस्टनच्या डोक्याला रुपयाएवढं भोक. कडा मेणासारख्या वितळलेल्या. इतर तिन्ही पिस्टनवरही खड्डे पडायला सुरुवात झाली आहे. चांदसाबने भोकात करंगळी घालून दाखवली. ‘जाड थेंब हितं बसला. रोज बसला. रोज जळाला.’

सिदू भिंतीला टेकून बसला होता. मी म्हणालो, ‘सिदू, मी...’ तो म्हणाला, ‘ऱ्हाऊ द्या अण्णा. हात तर मीच वर केला की.’

त्याने शिव्या दिल्या असत्या तर मी उभा राहू शकलो असतो. मी तिथेच खाली बसलो.

मग मला शेवटचा आधार आठवला. मी जवळजवळ ओरडलो, ‘पण चनबसप्पाचं इंजिन कसं टिकलं? तीच नॉझल, सहा आठवडे!’

चांदसाबने दाराकडे पाहिलं. चनबसप्पा तिथे उभा होता. सिदूचं कळून आला होता. आत आला नाही, उंबऱ्यावरच उकिडवा बसला.

‘तिसऱ्याच दिवशी काढलो, सेक्रेटरी. घाटात वास आला, रिकाम्या तव्याचं. उतारू उतरवलो, तसंच हितं आलो. चांदसाबचं पाय धरलो, म्हटलं, सील मी तोडलो न्हाय, बारकंच घाल, परत सील मार. सावकाश चढलं तर चढू दे.’

‘आणि मला सांगितलं नाहीस?’

‘आलो की सांगायला. तुमी म्हटला, सभेत बोल. सभेत मी कुटं बोलतो? माजं मराठी ऐकून पोरं हसत्यात. तुमच्या दारात आलो, तर तुमाला हार आला. बडेसाबला बी सांगितलो. तो म्हटला, म्हाताऱ्या, तुला भ्या वाटतंय. मग सिदूला सांगतो म्हटलं, तर सिदू म्हटला, अण्णा म्हणत्यात तुमचंच इंजिन पुरावा हाय.’ त्याने मान खाली घातली. ‘माझं बी चुकलं. वराडायला पायजे होतं.’

‘जबाबदारी माझी आहे म्हणालो होतो मी.’

‘व्हय. पण इंजिन माझं होतं की.’

घरी येऊन मागची पानं उलटली. सगळं माझ्याच अक्षरात आहे. तो आला ती तारीख आहे. तो कोणत्या दिशेने आला ते आहे. धूर कमी झाला तो दिवस आहे. कुंकू लावलं ते सीलही आहे. मी सगळं लिहून ठेवलं आणि एकही ओळ वाचली नाही. ज्या पुराव्याकडे बोट करून मी तासभर बोललो, तो माझ्या विरुद्धचा पुरावा होता.

आज वाचनालयात जाऊन ते कोष्टक पाहिलं. एक साइज सिलिंडर मोठा केला तर मूळचंच नॉझल ठेवावं, पंपाचं माप किंचित वाढवावं. दीड ओळ. एवढीच.

४ एप्रिल, गुरुवार

तीन गाड्या उरल्या : बडेसाब, आप्पा, कोंडीबा. परवा चैत्री पौर्णिमा. तुळजापूरला माणसांचा लोट जाणार, पहाटेपासून गाड्या ठासून भरतील. घाटात तीन इंजिनं, तिघांच्या पिस्टनवर रोज एक थेंब.

सकाळी नाक्यावर तिघांना गाठलं. आप्पा आणि कोंडीबा बडेसाबकडे बघत राहिले. बडेसाब रेडिएटरमध्ये पाणी ओतत होता.

‘सिदूला गाडी चालवता येत न्हाय, त्यात नॉझलचा काय दोष?’

मी पिस्टन पुढे केला. सोबत नेला होता. त्याने पाहिला, माझ्या हातात परत दिला.

‘अण्णा, हात वर करून ठरलंय ना? मग हात वर करूनच बदलायचं. एकटा सेक्रेटरी कोण बदलणार? तुमीच शिकवलंय.’

‘सभा रविवारी. पौर्णिमा शनिवारी.’

‘मग रविवारी बघू. सणाच्या दिवशी गाडी उभी करायची? माणसं काय म्हणतील?’ मग जरा आवाज खाली आणून, ‘आन चांदसाबच्या दारात मी न्हाय जाणार. सगळ्यांसमोर त्याला हसलोय मी.’

मीही याच कारणाने वेशीवरून परत फिरलो होतो. त्याला काय सांगू? खूप शब्द आले. एकही उच्चारला नाही, कारण ते सगळे सुंदर होते.

चांदसाबकडे गेलो. तो म्हणाला, ‘बारा नॉझल कपाटात हायत, इंजिनं आली तवा तपासायला दिलेली, तुमचीच. तासून, दाब बघून ठेवतो. पर त्यांनी आणली पायजेत गाड्या. मी नाक्यावर येऊन काढणार न्हाय. धुळीत नॉझल उघडत न्हाय मी.’

‘उद्या संध्याकाळी?’

‘उद्या जुम्मा. दुपारनंतर हाय. आन परवा पहाटे पाचला दुकान उघडतो. तुमच्यासाठी न्हाय. त्या बाळंतिणीसाठी.’

५ एप्रिल, शुक्रवार

दिवसभरात तिघांपैकी कोणी आलं नाही. तिन्ही गाड्या घाट चढून उतरल्या. मी नाक्यावर उभा होतो. कोंडीबाच्या इंजिनात सिदूने सांगितला तसा ठोका ऐकू येतो आहे. त्याने खिडकीची काच वर करून घेतली आहे.

गोजरबाईने विचारलं, उद्या काय बोलणार? म्हटलं, माहीत नाही. ती म्हणाली, ‘थोडं बोला. आन बोलून झालं की तितंच हुबं ऱ्हावा, निघून येऊ नका.’

चनबसप्पाला विचारलं, माझ्या शेजारी उभा राहशील का? म्हणाला, राहतो, पण मी बोलणार नाही. मी म्हटलं, तू फक्त बॉनेट उघड. सिदूलाही विचारलं. माझी पेट्रोलची गाडी उद्यापासून तो चालवील. त्याचं इंजिन पुन्हा उभं राहीपर्यंत किल्ली त्याच्याकडे. त्याने किल्ली मुठीत घेतली आणि म्हणाला, ‘मग तुमी काय करणार अण्णा?’ मी म्हटलं, चांदसाबच्या दुकानात नॉझल पुसणार, ठेवून घेतलं तर.

उद्या पहाटे पाचला, उतारू यायच्या आधी, हे बोलायचं. यात एक शब्द वाढवायचा नाही.

भावांनो. नॉझल मी चुकीची निवडली. मतं तुमची होती, पण ती मी बोलून मिळवली होती. चनबसप्पाची गाडी टिकली ती बारक्या नॉझलवर. बॉनेट उघडं आहे, सील बघा. हा सिदूचा पिस्टन, भोक बघा. रविवारच्या सभेत मला सेक्रेटरीपदावरून काढा, मी स्वतः हात वर करीन. पण घाट रविवारपर्यंत थांबणार नाही.

बडेसाब, आप्पा, कोंडीबा : आज एकही उतारू घेऊ नका. आत्ता, याच पावली, गाड्या विजापूर वेशीला चांदसाबच्या दारात न्या आणि मोठी नॉझल काढून त्याच्या हातात द्या.